दहा दिवसांचा निळा

हमरापूर, ता. पेण
रविवार, १० जानेवारी १९९९

प्रिय दिपिका,

तुझी चिठ्ठी आणि काचांचं पुडकं गुरुवारी मिळालं. शंभरातली एकही काच फुटलेली नाही. पाणी तपासायचे वीस डबे, प्रत्येक डब्याला पाच काचा, आणि 'अगदी तोच निळा हवा हं सरू, घाई नाही, पण संक्रांतीपर्यंत झालं तर बरं.' तुझं 'घाई नाही' म्हणजे किती घाई असते ते मी कॉलेजपासून ओळखून आहे. आमचा टेम्पोवाला पुंडलिक उद्या माघीचे गणपती पोचवायला टेम्पो घेऊन रोह्याला येतोय. त्याच्या हाती काचा पाठवता आल्या असत्या, पण पत्र पाठवते आहे. पंचायत समितीच्या बुधवारच्या सभेत तू वाडीच्या पाण्याचा अहवाल वाचणार आहेस. त्याआधी हे सगळं वाच, मध्येच ठेवू नकोस. काल फोन करायला बूथवर गेले होते. नंबर फिरवला, तुझा 'हॅलो' ऐकला आणि ठेवून दिला. तो कट झालेला फोन माझा होता.

आधी घरचं सांगते, म्हणजे हात जरा सैल होईल. बाबांच्या हाताची थरथर आता डाव्या हातातही आली आहे. तरी कारखान्यात येऊन बसतात आणि भाऊ साचा उघडायला लागला की लांबूनच ओरडतात. माघीच्या पन्नासेक मूर्ती झाल्या, डोळ्यांची आखणी मीच केली. गावात अजून काही म्हातारे म्हणतात, बाईच्या हातची आखणी घेऊ नये. पण मूर्ती न्यायला आलेली गिऱ्हाइकं हळूच विचारतात, सरूने आखलेली कुठली? आई तुझी आठवण काढते. काल म्हणाली, 'दिपी कवा येनार गो? वालाच्या शेंगा आल्यात, मडक्यात पोपटी लावायची हाय, सांग तिला.' तुझ्याबद्दल आई बोलायला लागली की मी उठून पाणी प्यायला जाते. हे तिच्या अजून ध्यानात आलेलं नाही.

तर ते आता लिहूनच टाकते. दिपिका, मी तुझा मत्सर करते. थट्टेतला नाही, खरा. पोटात दुखेल असा. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला तेव्हा मी तो कात्रीने नीट कापला, आईला दाखवला, 'आपली दिपी बघ' म्हणून हसले, आणि मग मागच्या बाजूला जाऊन त्या कात्रणाने पॉलिशचा ब्रश पुसला. आपण दोघी पेणला एका बाकावर बसत होतो. तू रोह्याहून एसटीने यायचीस, अर्ध्या वेळा पहिला तास बुडालेला. वही माझी उतरवायचीस. प्रॅक्टिकलला नळीतलं पाणी गुलाबी व्हायला लागलं की सगळा वर्ग माझ्याकडे बघायचा. मी 'बस' म्हटलं की बस. सर म्हणायचे, या मुलीच्या डोळ्यात काटा आहे तराजूचा. बी.एस्सी.ला माझे तुझ्याहून तीन मार्क जास्त होते. तुला आठवत नसेल. मला रोज आठवतात. त्या वर्षी बाबांचा हात कापायला लागला आणि सीझन तोंडावर होता. सातशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या होत्या. मी ब्रश घेतला तो घेतलाच. तू मुंबईला एम.एस्सी.ला गेलीस. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते मी तुला पाहून शिकले.

मग सत्त्याण्णवच्या दिवाळीत तू आमच्या कारखान्यात येऊन पोत्यावर बसलीस आणि सांगायला लागलीस. तिकडे परदेशात नद्यांतल्या नर माशांच्या पोटात अंडी सापडली, कारण पाण्यात बायकांच्या शरीरातलं हार्मोन उतरलं होतं. हौदभर पाण्यात मिठाचा एक कण, त्याहूनही कमी, तरी माशाला कळतं. आपल्याकडे वरच्या अंगाला हार्मोनच्या गोळ्या बनवणारी ती कंपनी, तिच्या मागून ओढा येतो, आणि ओढ्याच्या वाळूत खड्डा खणून, डवरा करून, वाडीतली माणसं झिरपलेलं पाणी पितात. हे पाणी तपासायचं तर मुंबईचं यंत्र, तिथे महिनाभराची रांग, तोवर बाटलीतलं पाणी बदलून जातं. तुला असं काहीतरी करायचं होतं जे इथल्या शाळेतल्या बाईंनाही वापरता येईल. हे सांगताना तुझ्या हाताला पांढरी माती लागली होती आणि तू ती गालाला लावत होतीस. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला नाही. मला वाटलं, माझं काहीतरी परत आलं.

आणि आलंच होतं. ते पाच महिने मला कुणी परत दिले तर मी बाकीचं सगळं सोडीन. दर आठवड्याला मी एसटीने रोह्याला यायची. वाडीतली जानी ओढ्याच्या पाण्याच्या बाटल्या भरून वरसेला तुझ्या घरी आणून ठेवायची, पदराने झाकून, जशा काही दुधाच्या. तू थर्मासमध्ये बर्फात मुंबईहून आणलेल्या औषधाचे थेंब नळीत घालायचीस, अर्धा तास थांबायचो, मग नळ्या निळ्या व्हायच्या. पाणी चांगलं तर गडद निळं. हार्मोन असेल तर फिकट, जितकं जास्त तितकं फिकट. उलटा हिशेब. तो फिकेपणा वाचणारी मी होते. तू नळ्यांची अदलाबदल करून मला फसवायला बघायचीस, आणि मी प्रत्येक वेळी तोच क्रम लावायची. मुंबईच्या यंत्राशी ताळा घातला तेव्हा चाळीसपैकी अडतीस जमले. तू मला मिठी मारलीस. एप्रिलमध्ये वाडीच्या डवऱ्याचं पाणी दोनदा अगदी फिकट आलं. माझ्या वहीत तारखा आहेत.

पण तुला डोळा नको होता, डबा हवा होता. तुझं बरोबरच होतं. सरू एक, नद्या किती! तुझे हितेशराव सुट्टीला आले आणि दोन दिवसांत डबा तयार झाला. काळ्या पाइपाचा तुकडा, एका बाजूला रेडिओवाल्याकडचा लाल दिवा, समोर उजेड मोजणारा सेल, मध्ये नळी, बाहेर आकडा दाखवणारा मीटर. नळीत निळं जास्त तर लाल उजेड कमी पोचतो, आकडा उतरतो. इतकं सोपं आणि इतकं स्वस्त की मला हसू आलं, आणि मग रडू. तुझे यजमान मला म्हणाले, 'सरूताई, आता तुमच्या डोळ्यांना आराम.' माणूस भला आहे, त्याला काय ठाऊक. आराम नको असलेल्या माणसाला आराम देणं म्हणजे काय असतं ते त्यांना कुणी शिकवलं नसेल. तुझ्या शोधनिबंधावर त्यांचं नाव दुसरं आहे. तिसरं नाव नाही.

बॅटरी उतरली की दिवा मंद होतो, म्हणून दर वेळी आधी ठरावीक निळी काच डब्यात घालून बटण फिरवून आकडा जुळवायचा, मग पाण्याची नळी घालायची. त्या काचा तू मला रंगवायला दिल्यास. जूनचा शेवटचा आठवडा होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी समोरच्या वाटीतला निळा घेतला, गणपतीच्या शेल्याला मारायचा, पुडीचा रंग वार्निशात कालवलेला. पाच काचा, पाच छटा, तुझ्या नळ्यांशी इतक्या तंतोतंत जुळवल्या की डब्याने पाचही पहिल्या फटक्यात मान्य केल्या. सहावी सुटी म्हणून केली, ती इथेच पत्र्याच्या पेटीत राहिली. त्या क्षणी ध्यानात आलं नाही, आणि यात माझं कपट नव्हतं, एवढं मान. आमच्याकडे रंग निवडताना कुणी टिकाऊपणा बघतच नाही. चकाकी बघतात. बाबा नेहमी म्हणतात, आपला रंग दहा दिवस दिसला की झालं, अकराव्या दिवशी पाण्यातच जायचंय. दहा पिढ्या आम्ही पाण्यात सोडायच्या वस्तू रंगवत आलो. तू वर्षानुवर्षं टिकायची वस्तू मागितलीस आणि माझ्या हाताने नेहमीचंच केलं.

गणपती झाले आणि सप्टेंबरात मी वरसेला आले. तुझ्या वरच्या खोलीत, पश्चिमेच्या खिडकीत, त्या पाच काचा ओळीने उभ्या होत्या. उन्हात. दारातूनच मला दिसलं. रंग उडाला होता, दिपिका. फार नाही. तुला दिसला नसता, हितेशरावांना दिसला नसता, रोज बघणाऱ्याला तर दिसतच नाही. तिसरी काच दुसरीच्या जवळ सरकली होती. आता बघ काय होतं ते. फिकट काचेवर डबा जुळवायचा म्हणजे दिवा कमी करायचा. मग नळीतलं पाणी आहे त्याहून गडद दिसणार. गडद म्हणजे चांगलं. तुझा डबा वाईट पाण्याला चांगलं म्हणायला लागला होता.

मी तोंड उघडणारच होते. खरंच उघडणार होते. तेवढ्यात तू वळलीस, हसत होतीस, हातात वाडीच्या पाण्याचा आकडा. म्हणालीस, 'अगं, डवऱ्याचं पाणी चांगलं निघालं! सलग तीनदा! एप्रिलमधलं तुझं वाचन चुकलं असणार बघ. डोळ्यांचं असंच असतं गं, मन असतं ना मागे.' आणि माझ्या पाठीवर थोपटलंस. ते थोपटणं मी अजून विसरले नाही. मी म्हणाले, 'असेल.' एवढंच. चहा प्याले, तुझ्या आईशी बोलले, अष्टमी गावच्या पुलापर्यंत तू सोडायला आलीस. पूर्ण रस्ताभर मला गोड वाटत होतं. बघू या, म्हटलं, डबा किती दिवस शहाणा राहतो. चारचौघांत तोंडावर पडेल, मग सरूकडे यावं लागेल. आठवडाभराने सांगेन असं ठरवलं होतं. आठवडा गेला, दुसरा गेला. उशीर झाला की सांगायचं कारण बदलतं, आधी चूक सांगायची असते, मग उशीर सांगायचा असतो.

नोव्हेंबरात रोह्याला तुझा सत्कार झाला. मी तिसऱ्या रांगेत होते, आईची काठाची साडी नेसून. तू हितेशरावांचं नाव घेतलंस, तुझ्या मुंबईच्या सरांचं घेतलंस, अगदी रेडिओवाल्याचंही घेतलंस. आणि शेवटी, 'रंगकामासाठी पेणच्या माझ्या एका मैत्रिणीची मदत झाली.' रंगकामासाठी! एका मैत्रिणीची! लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी आल्यावर ठरवलं की आता कधीच सांगायचं नाही. आंधळा होऊ दे तुझा डबा. तू नदीकडे बघत होतीस आणि मी तुला पाण्यात बघत होते. त्यानंतरच्या तुझ्या प्रत्येक चिठ्ठीत वाडीचं पाणी चांगलं होतं. डिसेंबरात लिहिलंस की पाणी निर्धोक असेल तर वाडीला वेगळ्या नळाची गरज नाही असं पंचायत समितीच्या ऑफिसात म्हणताहेत, बुधवारी अहवाल वाचला की फाइल बंद होईल. तू ते वाईट वाटून लिहिलं नव्हतंस, आनंदाने लिहिलं होतंस. मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि आखणीला बसले. एकही रेघ वाकडी गेली नाही, याचं मला आता जास्त वाटतं.

आणि गुरुवारी तुझ्या काचा आल्या. काय केलं सांगू? शुक्रवारी सकाळी मी तोच निळा कालवला. त्याच पुडीतला. अकरा काचा रंगवल्या, सुंदर झाल्या आहेत. वीस डबे, वीस नद्या, सगळे एकदम आंधळे, आणि कुणालाच कधी कळणार नाही की का. बाराव्या काचेला बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं माघीचं काम चाललंय. म्हणाले, 'शेला कुठल्या गनपतीचा गो?' मी म्हटलं, गणपतीचा नाही, दिपीच्या डब्याचा, नदीचं पाणी तपासायचा. ते वाटीवर वाकले आणि म्हणाले, 'यो रंग? पोरी, यो उडल ना.' बाबांना माझ्यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी फक्त रंगाचं सांगितलं. मी ब्रश धुतला.

काल सकाळी एसटीने रोह्याला आले आणि तुझ्याकडे न येता थेट वाडीवर गेले. जानी डवऱ्याशीच होती, करवंटीने पाणी हंड्यात भरत. तिला दिवस गेलेत ते मला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलं, हे पाणी पिऊ नका, निदान पुन्हा तपासेपर्यंत तरी, वरच्या शाळेच्या बोअरवरून आणा. ती म्हणाली, 'त्या ताईनं तं बरा हाय सांगलान.' मी म्हटलं, ताईचा डबा चुकतोय, माझ्या काचांमुळे. मी वाईटच आहे असं म्हणत नाही, मला ठाऊक नाही, ताईलाही ठाऊक नाही. तिचा नवरा भिकू मागे जाळं विणत बसला होता, तो उठून उभा राहिला. जानी रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, 'बाय, तुला कवा कललं?' खोटं बोलता आलं असतं. परवा म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. मी म्हटलं, गणपतीनंतर. तिने करवंटी खाली ठेवली आणि बोटांवर महिने मोजले. पाच झाले. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, 'मंजे पयल्यापासून.' माझ्याकडे बघितलंही नाही. भरलेला हंडा तिने वाळूवर उपडा केला आणि रिकामा घेऊन शाळेच्या वाटेला लागली. मी मागोमाग गेले, म्हटलं, मी उचलते. ती न थांबता म्हणाली, 'माजा नको उचलू. त्या ताईला जाऊन सांग.' तिथूनच बूथवर गेले आणि तुझा आवाज ऐकून ठेवून दिलं, म्हणून हे लिहिलं. पुंडलिककडे पत्राबरोबर पेटीतली सहावी काच आहे, काळ्या कागदात. ती मी तिसरीच्याच छटेची केली होती. तुझ्या तिसरीशेजारी ठेव, तुलाही दिसेल. बुधवारी अहवाल वाचू नकोस. कुणी विचारलं तर जूनमधली चूक आणि सप्टेंबरनंतरचं गप्प बसणं, दोन्ही माझ्या नावावर सांग. मत्सर गेलेला नाही, हे लिहितानाही आहे. पण जानीला अजून चार महिने जायचेत. डबा, औषध, जे असेल ते घेऊन पत्र मिळताच वाडीवर ये. मी सोमवारी सकाळच्या गाडीने तिथेच येते आहे.

बोलायचं टाकलंस तरी तुझीच,
सरू